सरकारी मदतीचा शोध : वसईच्या शेतकऱ्यानें आरंभ कोठून करावा ?

शेतीच्या सुधारणेसाठीं सरकारकडून पैसा मिळतो, हें आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु तो कोणत्या कचेरींतून, कोणत्या कामासाठीं, कोणत्या कागदाच्या आधारें आणि कोणत्या क्रमानें मिळतो, हें नीट जाणणारे शेतकरी आपल्या तालुक्यांत फार थोडे आढळतात. ठिबक संचाचें अनुदान, शेततळ्याचें अनुदान, फळझाडांच्या लागवडीचें अनुदान अशीं नांवें बाजाराच्या दिवशीं कानांवर पडतात. अमक्यास मिळालें, तमक्याचा अर्ज परत आला, अशी चर्चा होते. आणि हंगाम उलटून गेल्यावर आपणही अर्ज करावयास हवा होता, अशी हळहळ तेवढी मागें राहते.

ह्या हळहळीचें कारण बहुतेक वेळां योजनांची उणीव हें नसतें. शोधाचा क्रम चुकलेला असतो. पुष्कळजण आधीं अनुदानाची रक्कम पाहतात, मग तें काम आपल्या जमिनीस लागू पडतें कीं नाहीं ह्याचा विचार करितात, आणि जमिनीचे कागद अगदीं शेवटीं, अर्ज अडल्यावर उघडतात. आमच्या मतें हा क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम दप्तर, नंतर जमिनीची गरज, आणि सर्वांच्या शेवटीं योजना. वसई तालुक्याच्या परिस्थितींत ह्या क्रमास विशेष महत्त्व कां आहे, तें पुढें क्रमानें सांगण्याचा विचार आहे.

तगाईपासून अनुदानापर्यंत

जमीन सुधारण्यास सरकारनें पैसा पुरवावा, ही कल्पना आजची नाहीं. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्जाच्या कायद्यानें विहीर, बांध, पाण्याचा निचरा अशा टिकाऊ कामांसाठीं, आणि १८८४ च्या शेतकरी कर्जाच्या कायद्यानें बीं, बैल व अवजारें ह्यांसाठीं तगाई मिळूं लागली. तगाई हें कर्ज होतें. तें न फेडल्यास जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होई. पुढें १९४२ सालीं मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि बांधबंदिस्तीचें व मृद्‌संधारणाचें काम एकेका शेतापुरतें न ठेवतां सलग क्षेत्रावर करण्याची वाट मोकळी झाली. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून जमीन राखण्यासाठीं १९४८ सालीं खार जमिनींचा कायदा आला. त्याची जागा नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियमानें घेतली.

आजचें अनुदान फेडावें लागत नाहीं, एवढा मोठा फरक खरा. परंतु तगाईच्या अर्जावर मामलेदार जे प्रश्न विचारी, तेच आजही विचारले जातात. ही जमीन कोणाची ? तिजवर काय पिकतें ? मागितलेलें काम तेथें लागू आहे काय ? कागद टेबलावरून पडद्यावर गेला तरी प्रश्न बदललेले नाहींत. ज्याच्यापाशीं ह्या तिहींचीं उत्तरें तयार आहेत त्याचें काम लवकर होतें. बाकीच्यांचे हेलपाटे चालूच राहतात.

पहिलें दार : जमिनीचें दप्तर

सातबारा म्हणजे गांव नमुना सात आणि बारा ह्यांचा एकत्र उतारा. सातमध्यें जमिनीचा धारक, क्षेत्र, आकार व बोजे असतात. बारामध्यें त्या वर्षीं काय पिकलें ह्याची नोंद असते. आठ अ ह्या उताऱ्यांत एका खातेदाराची त्या गांवांतील सर्व जमीन एकत्र दिसते. नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. ह्या तीन कागदांवर बहुतेक सर्व योजनांची इमारत उभी असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आतां घरबसल्या १५ रुपयांत मिळतो. म्हणून आपला उतारा पाहिलाच नाहीं, ही सबब कोणास उरलेली नाहीं.

उतारा हातीं आल्यावर पहिली गोष्ट पाहावयाची ती नांवांची. वसईंतील पुष्कळ वाड्यांच्या उताऱ्यांवर आजही आजोबा, पणजोबा ह्यांचीं नांवें आढळतात. धारक मृत झाला तर वारसांनीं तीन महिन्यांच्या आंत खबर द्यावी, असें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या कलम १४९ मध्यें आहे. पण घरांत भांडण नाहीं, कोणी विचारीत नाहीं, म्हणून हें काम पिढ्यानपिढ्या मागें पडतें. अनुदानाचा अर्ज भरतांना मात्र मृताच्या नांवानें अर्ज होत नाहीं, आणि जिवंताचें नांव उताऱ्यावर नसतें. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यानें ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हातीं घेतली, ती ह्याच अडचणीवर. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे. त्याच्याकडे मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती देऊन फेरफार घालवून घ्यावा, हें प्रत्येक कुटुंबाचें पहिलें कर्तव्य होय.

दुसरी गोष्ट सामाईक क्षेत्राची. एका उताऱ्यावर पांच सात सहहिस्सेदार असले, तर ठिबक, फळबाग, शेततळें अशा कामांस इतरांचें संमतिपत्र लागतें. एक भाऊ मुंबईस, एक परदेशीं, एका बहिणीचा पत्ता नाहीं, अशा स्थितींत ही संमति मिळविणें सोपें नसतें. जेथें सर्वांचें एकमत आहे तेथें अधिनियमाच्या कलम ८५ खालीं तहसीलदाराकडून वाटप करून घ्यावें. जेथें वाटप आज शक्य नाहीं, तेथें निदान सुट्टीला सर्व मंडळी घरीं जमतील तेव्हां संमतिपत्र लिहून ठेवावें. गणपतींत किंवा नाताळांत एक दुपार ह्या कामास दिली, तर पुढील चार वर्षांची धांवपळ वांचते.

तिसरी गोष्ट पिकाची नोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली असून आपल्या शेतांतील पिकाचें छायाचित्र घेऊन शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून नोंद करावयाची आहे. ही नोंद म्हणजे सरकारी दप्तरांतील केवळ एक ओळ, असें समजूं नये. नुकसानीची मदत, पीकविमा, पीककर्ज, धान्यखरेदी ह्या सर्वांत तिचा उपयोग होतो. परंतु वसईंत तिला ह्याहूनही मोठा अर्थ आहे. ज्या तालुक्यांत इमारती शेताच्या बांधापर्यंत येऊन ठेपल्या आहेत, तेथें नमुना बारा कोरा राहिला तर ती जमीन कागदोपत्रीं पडीक ठरते. मोगरा फुलला, केळीचे लोंगर उतरले, भात झोडून झाला, तरी दप्तर म्हणेल कीं येथें कांहींच पिकलें नाहीं. आपली जमीन शेती आहे, ह्याचा वर्षानुवर्षांचा पुरावा शेतकऱ्यानें स्वतःच्या हातानें निर्माण करावयाचा आहे. अनुदान मिळो वा न मिळो, ही नोंद चुकवूं नये.

चौथी गोष्ट शेतकरी ओळख क्रमांकाची. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रांत कृषि विभागाच्या योजनांसाठीं हा क्रमांक सक्तीचा झाला आहे. आधार, आधारशीं जोडलेला मोबाईल आणि आपल्या सर्व गटांचे उतारे घेऊन सामायिक सुविधा केंद्रांत तो मिळतो. एकाद्या गांवची जमीन जोडावयाची राहिली, तर तेवढ्या क्षेत्रापुरती पुढें अडचण येते. म्हणून आठ अ समोर ठेवूनच नोंदणी करावी.

हद्दीचा प्रश्न

२००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि पश्चिमेकडील पुष्कळ शेतकरी गांवें तिच्या हद्दींत आलीं. त्या काळीं झालेलें आंदोलन वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्याचा शेतकऱ्याच्या अर्जावर होणारा परिणाम समजून घेतला पाहिजे. ‘आम्ही महानगरपालिकेंत, आम्हांस आतां शेतीचें कांहीं मिळत नाहीं,’ असें सरसकट बोललें जातें. हें अर्धेंच खरें आहे.

सरकारी मदतीचे दोन प्रवाह आहेत. एक प्रवाह राज्याच्या कृषि विभागाकडून तालुका कृषि अधिकाऱ्यामार्फत येतो. ठिबक, फळबाग, वैयक्तिक शेततळें, यंत्रें हीं कामें ह्या प्रवाहांतील. येथें मुख्य आधार सातबाराचा. दुसरा प्रवाह जिल्हा परिषदेकडून पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्यामार्फत येतो, आणि रोजगार हमीचीं कामें ग्रामपंचायतीमार्फत होतात. हा दुसरा प्रवाह ग्रामीण हद्दीपुरता असतो. म्हणून भाताणें, पारोळ, सकवार, मेढें इकडील शेतकऱ्यानें दोन्ही कचेऱ्यांत विचारणा करावी. आगाशी, नाळें, निर्मळ, गास, भुईगांव इकडील शेतकऱ्यानें आपलें लक्ष मुख्यतः पहिल्या कचेरीवर ठेवावें.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या नियमांत तर शहरी व ग्रामीण जमीन असा भेदच केलेला नाहीं. शहराच्या हद्दींतील जमीन प्रत्यक्ष लागवडीखालीं असली म्हणजे झालें. ह्या योजनेंत वर्षास ६,००० रु. तीन हप्त्यांनीं मिळतात, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रु. त्यांत मिळतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं जमीन आपल्या नांवावर असणें ही मुख्य अट असून वारसानें आलेल्या जमिनीस सूट आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांस ही योजना नाहीं. येथेंही ‘प्रत्यक्ष लागवड’ हा शब्द वाचकांनीं पुनः एकदां वाचावा, म्हणजे पीक पाहणीचा आग्रह आम्ही कां धरितों तें ध्यानांत येईल. मात्र जेथें नगर भूमापन होऊन जमिनीची मिळकत पत्रिका तयार झाली व सातबारा बंद झाला, तेथें शेतीच्या योजनांचा मार्ग अरुंद होतो. आपल्या गटाची स्थिति काय आहे, ती आधींच पाहून ठेवावी.

जमीन काय मागते

दप्तर सरळ झालें म्हणजे मग शेतांत उभें राहून विचार करावा. वसई तालुका लहान असला तरी त्यांत निदान तीन तऱ्हेच्या जमिनी आहेत, आणि तिघींची मागणी निरनिराळी आहे.

पहिली, समुद्रकांठची वाडीची पट्टी. केळी, नागवेल, नारळ, मोगरा, जाई, चाफा, भाजीपाला ह्यांची ही जमीन. राजेळी केळ्यांचीं सुकेळीं ह्याच पट्टीनें प्रसिद्धीस आणलीं. येथील सारें वैभव उथळ विहिरींच्या व बावखलांच्या गोड्या पाण्यावर उभें आहे. हें गोडें पाणी वाळूंत समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण खारें पाणी जड असतें. भूजलशास्त्राचा स्थूल नियम असा कीं समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर त्या पातळीच्या खालीं सुमारें चाळीस फुटांपर्यंत गोडें पाणी असतें. उलट पक्षीं, बेसुमार उपसा करून वरची पातळी एक फूट खालीं नेली, तर खालून खारें पाणी चाळीस फुटांच्या हिशोबानें वर चढूं पाहतें. एकदां विहीर मचूळ झाली म्हणजे पानवेल प्रथम सांगते, मग केळ सांगते, आणि शेवटीं नारळही सांगतो.

ह्या पट्टींत खोल बोअर मारणें किंवा विहीर आणखी खोल नेणें म्हणजे खाऱ्या पाण्यास आमंत्रण देणें होय. शेततळ्यासाठीं खोल खड्डा काढणें हेंही येथें तितकेंच अविचाराचें, मग त्यास अनुदान कितीही असो. ही जमीन दोनच गोष्टी मागते : उपसा कमी करणें आणि पावसाचें पाणी आंत मुरविणें. ठिबक संच, आच्छादन, आणि असलेलें बावखल न बुजवितां गाळ काढून राखणें, हीं तिचीं कामें. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर सुमारें दोन लाख लिटर पाणी पडतें. त्यांतलें थोडें जरी वाडीच्या बाहेर वाहून न जाऊं दिलें, तरी उन्हाळ्याची चिंता पुष्कळ हलकी होते. बावखल हें ह्याच हिशोबानें पूर्वजांनीं खणलेलें साधन आहे. भरावासाठीं तें एकदां दिलें कीं तें परत मिळविण्याची योजना कोणत्याही सरकारपाशीं नाहीं.

दुसरी, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पलीकडील व पायथ्याची भातजमीन. येथें पावसांत पाणी धों धों वाहतें आणि फाल्गुनांत विहिरीचा तळ दिसतो. ही जमीन बांध मागते : फुटलेल्या बांधांची दुरुस्ती, उतारावर नवीन भातखाचरें पाडण्याचें काम ज्यास मजगी म्हणतात तें, आणि ओढ्यावर पाणी अडविणें. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा पावसाळा संपतां संपतां, ओढा वाहता असतांनाच घातला पाहिजे. त्याला श्रम लागतात, पैसा थोडा लागतो. येथें शेततळें शोभतें, आणि बांधावर व वरकस जमिनींत आंबा, काजू, जांभूळ, फणस हीं झाडेंही शोभतात. शेजारच्या पालघर तालुक्यांतील बहाडोलीच्या जांभळास २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ह्यावरून आपल्या भागांत कोणतें झाड मन लावून वाढतें तें कळून येईल.

तिसरी, खाडीकांठची खाजण व खारी जमीन. तिची एकच मागणी असते, ती म्हणजे बाहेरच्या बांधाची व उघाडीची. एका धारकानें आपल्यापुरता बांध घालून तेथें निभाव लागत नाहीं. बांध एके ठिकाणीं फुटला कीं सर्वांचें शेत बुडतें. म्हणून येथें अर्ज एकट्यानें न करितां सर्व धारकांनीं मिळून केला पाहिजे, आणि पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे कीं आपला बांध शासकीय खारभूमी योजनांच्या यादींत आहे, कीं तो खाजगी गणला जातो. उत्तरावर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हें ठरतें. कोंकण कृषि विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनीसाठीं पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ ह्या भाताच्या जाती काढल्या आहेत. बांधाचें काम होईतों त्यांचा आधार घेतां येतो.

तिन्ही जमिनींस समान लागू असें एक काम म्हणजे मातीची तपासणी. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत बारा गुणांची नोंद असते. त्यांतील क्षारतेचा आंकडा वसईच्या शेतकऱ्यानें आधीं पाहावा. अर्जाबरोबर ही पत्रिका असली, म्हणजे आपण काय मागतों व कां मागतों हें बोलून पटवावें लागत नाहीं.

कामास जुळणाऱ्या योजना

आतां रकमांकडे वळूं. ठिबक व तुषार संचासाठीं केंद्राच्या योजनेंतून अल्प व अत्यल्प भूधारकास, म्हणजे दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यास, मंजूर खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के अनुदान ठरलेलें आहे. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषि सिंचन योजनेंतून राज्य सरकार अनुक्रमें २५ व ३० टक्के भर घालतें. अशा रीतीनें लहान शेतकऱ्यास ८० व इतरांस ७५ टक्के पडतात. समजा, एकाद्या वाडीसाठीं मंजूर खर्च ५०,००० रु. धरला गेला, तर लहान शेतकऱ्यास ४०,००० रु. मिळतील व १०,००० रु. पदरचे पडतील. परंतु दुकानदाराचें बिल ६२,००० रु. झालें, तर वरचे १२,००० रु. देखील शेतकऱ्याचेच. टक्केवारी मंजूर खर्चावर असते, बिलावर नसते, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

वैयक्तिक शेततळ्यास आकारमानाप्रमाणें कमाल ७५,००० रु. मिळतात. इतरत्र ०.४० हेक्टर जमीन लागते, तेथें कोंकणांत ०.२० हेक्टर, म्हणजे सुमारें वीस गुंठे, पुरते. तळ्याच्या अस्तरीकरणाची बाब वेगळी असते. झिरपणाऱ्या जमिनींत तिचा विचार आधींच करावा.

फळझाडांसाठीं २०१८ सालीं सुरू झालेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिच्या मंजूर बाबींस शंभर टक्के अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के ह्याप्रमाणें मिळतें. कोंकणांत किमान मर्यादा ०.१० हेक्टर ठेवली असल्यानें दहा गुंठ्यांच्या मालकासही ती खुली आहे. ज्यांचें पोट केवळ शेतीवर आहे त्यांस प्राधान्य असतें. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाची रक्कम जिवंत झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असते. तेव्हां पाण्याची सोय नसतांना केवळ पहिल्या हप्त्यावर नजर ठेवून खड्डे खणूं नयेत.

अनुसूचित जमातींच्या शेतकऱ्यांसाठीं बिरसा मुंडा कृषि क्रांति योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषि स्वावलंबन योजना जिल्हा परिषदेच्या कृषि विभागामार्फत चालतात. नवीन विहिरीसाठींची मर्यादा पूर्वीं अडीच लाख रुपये होती. २०२४ सालीं ती चार लाख करण्यांत आली. तालुक्याच्या पूर्वभागांतील वारली व मल्हार कोळी शेतकऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोंचविणें, हें त्यांच्याशीं रोजचा व्यवहार असणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचें काम आहे.

भात पिकविणाऱ्यांनीं विम्यांतील बदलही ध्यानीं घ्यावा. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयांत विमा मिळत असे. ती सवलत २०२५ सालीं बंद झाली, आणि खरीप धान्यासाठीं विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता भरणें आलें. जुन्या समजुतीवर विसंबून राहूं नये.

अर्जाचा क्रम

कृषि विभागाच्या बहुतेक योजनांसाठीं महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वीं निवड सोडतीनें होत असे. २०२५ पासून आधीं येणाऱ्या अर्जास आधीं लाभ, असें धोरण आलें आहे. ह्याचा अर्थ उघड आहे. कागद तयार नसलेला मनुष्य दर दिवसागणिक रांगेंत मागें पडतो.

निवड झाल्यावर कागद चढवावे लागतात, ते ठराविक मुदतींत. त्यानंतर पूर्वसंमति मिळते. पूर्वसंमतीच्या आधीं संच किंवा यंत्र विकत घेतलें, तर त्याचें अनुदान मिळत नाहीं. ‘आज घ्या, कागदाचें आम्ही पाहूं’ असें सांगणाऱ्या विक्रेत्याचें ऐकून ह्या ठिकाणीं पुष्कळांचा घात होतो. खरेदीचें पक्कें बिल, प्रत्यक्ष तपासणी, आणि मग आधारशीं जोडलेल्या बँक खात्यांत रक्कम, असा पुढील क्रम आहे. अनुदान मागाहून येतें, तोंवरचा पैसा आपण उभा करावयाचा असतो. म्हणून अर्जापूर्वीं सेवा सोसायटीशीं किंवा बँकेशीं बोलून ठेवावें, आणि सावकाराच्या व्याजानें अनुदान खाऊन टाकणार नाहीं इतकेंच काम हातीं घ्यावें.

सल्ला हवा असल्यास डहाणू तालुक्यांतील कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्र आणि पालघर येथील कृषि संशोधन केंद्र हीं आपल्याच जिल्ह्यांत आहेत. गांवपातळीवरील कृषि सहाय्यकास २०२५ पासून सहायक कृषि अधिकारी म्हणतात. वर्षाच्या आरंभींच त्याची भेट घ्यावी. उत्तर लेखी हवें असेल तर प्रश्नही लेखी द्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ह्यानें अधिसूचित सेवांस मुदत बांधून दिली आहे. आणि २००५ च्या माहितीच्या अधिकारानें दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मागतां येते. ह्या साधनांचा उपयोग शांतपणें व कागदाच्या भाषेंत करावा. कचेरींत जाऊन वाद घालण्यापेक्षां पोंच घेतलेला एक अर्ज अधिक काम करितो.

एकट्याचें व सर्वांचें काम

वर सांगितलेल्यांपैकीं पुष्कळ गोष्टी एकट्यानें करण्यासारख्या आहेत, पण एकत्र केल्या तर अर्ध्या श्रमांत होतात. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं पावसाळ्यापूर्वीं एक दिवस ठरवून आपापले उतारे एकत्र आणावेत. मृतांचीं नांवें कोणत्या उताऱ्यांवर आहेत, ओळख क्रमांक कोणाचा राहिला, पीक पाहणी कोणास करितां येत नाहीं, ह्यांची यादी करावी. शिकलेल्या मुलामुलींनीं शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मोगऱ्याची नोंद आपल्या मोबाईलवरून करून द्यावी. खारबांधाचा, ओढ्याचा, बावखलाचा अर्ज सर्वांच्या सह्यांनीं जावा. विहिरीचें पाणी टँकरनें विकण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांस शेजाऱ्यांनींच दोन शब्द सांगावेत. कारण जमिनीच्या पोटांतील पाण्याला सातबाराची हद्द ठाऊक नसते.

वसईची शेती टिकेल कीं नाहीं, ह्याची चर्चा बाहेर पुष्कळ चालते. तिचा निकाल केवळ सरकारच्या अनुदानावर लागणार नाहीं, हें खरें. परंतु जो शेतकरी आपलें नांव, आपलें पीक व आपलें पाणी ह्यांची नोंद जिवंत ठेवतो, त्याच्या जमिनीस पडीक म्हणण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. आणि अशाच शेतकऱ्यापर्यंत सरकारी मदत वाट चुकतां पोंचते. ह्या महिन्यांत आपला सातबारा काढून तो एकवार नीट वाचावा, एवढीच आमची सर्व सभासदांस विनंति आहे.